बायकोला आमवात आहे. मदत कुठपर्यंत करावी आणि कुठे थांबावं?

हातशिलाई यांचा प्रश्न:

नमस्कार. माझ्या बायकोला रुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो तो. निदान होऊन काही वर्षं झाली. औषधं नियमित चालू आहेत, डॉक्टरांवर आमचा विश्वास आहे. त्यामुळे कुठलं औषध घ्यावं किंवा कुठे दाखवावं हे मी विचारत नाहीये. माझा प्रश्न घरातल्या वागण्याचा आहे.

ती शिवणकाम करते. माप घेण्यापासून काज-बटणापर्यंत सगळं स्वतः. कापड बेतताना तिच्याकडे बघत राहावं असं ते काम आहे. खडूची रेघ एकदाच मारते, दुसऱ्यांदा मारावी लागत नाही. आता सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं वळत नाहीत. दात घासायचा ब्रश दोन तळहातांच्या मध्ये धरते. हळूहळू हात मोकळे होतात, आणि मग ती अशी कामाला बसते की नवख्या माणसाला हिला काही आजार आहे हे खरंच वाटणार नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही मनगटं सुजलेली असतात.

माझी पंचाईत इथे होते. एखाद्या दिवशी ती न बोलता कात्री माझ्यापुढे सरकवते, म्हणजे ‘तू काप’. दुसऱ्या दिवशी मी आपणहून कात्री घेतली तर म्हणते, ‘ठेव ती. माझे हात अजून माझेच आहेत.’ काम तेच, कात्री तीच. आज कुठला दिवस आहे हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही, कारण चेहऱ्यावर काही दिसू न द्यायची तिला आता सवय झाली आहे. ‘कसं वाटतंय?’ विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘ठीक.’ रात्रभर खांदा ठणकत असला तरी ‘ठीक’ आणि खरंच बरं असलं तरी ‘ठीक’.

दुसरं, येणारे-जाणारे लोक. ‘दिसतेस तर छान, आजारी वाटत नाहीस’ असं म्हणतात. चांगल्या मनाने म्हणतात, पण ते गेले की ती बराच वेळ गप्प असते. मी तिथल्या तिथे बोलावं का? की हे बोलायचा हक्क तिचा आहे?

तिसरं, तपासणी. डॉक्टर विचारतात, ‘कसं चाललंय?’ ती म्हणते, ‘बरं आहे.’ मी शेजारच्या खुर्चीत बसून आदल्या रात्रीचा तिचा कण्हण्याचा आवाज आठवत असतो. मध्ये बोललो तर तिच्या आजाराचा ताबा मी घेतल्यासारखं होतं. नाही बोललो तर डॉक्टरांना खरं कळत नाही.

आणि औषधांबद्दल एक धास्ती आहे. तिची मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची आहे. तारीख-वार चुकला तर काय, म्हणून मी लक्ष ठेवतो, आणि लक्ष ठेवलेलं तिला आवडत नाही.

मी स्वतःही थकतो. तिला ते सांगत नाही. तिच्या दुखण्यापुढे माझ्या थकव्याची गोष्ट काढणं मला बरोबर वाटत नाही.

धीर धरा, मन खंबीर ठेवा हे आम्हाला अनेकांनी मनापासून सांगितलं आहे. मला रोजच्या दिवसात उपयोगी पडेल असं काही हवं आहे. ज्यांना स्वतःला असा लांबणारा आजार आहे त्यांनी लिहिलं तर फार बरं होईल. तिला जे माझ्याशी बोलता येत नाही ते कदाचित तुमच्याकडून कळेल.

---

निळी_शाई यांचं उत्तर:

दादा, मी तुमच्या बायकोच्या जागेवरून लिहिते आहे. मला हाच आजार आहे, तरुणपणीच लागला, आता पन्नाशी उलटली. तुमचा प्रश्न माझ्या नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, ‘सविस्तर लिही.’ म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सकाळचं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते आणि तिथे सूज धरते. सूज वाढवणारी रसायनं रक्तात पहाटेच्या सुमारास जास्त असतात, म्हणून आखडलेपण सकाळी सर्वांत वाईट. झीज होऊन जो गुडघा दुखतो तो उठल्यावर थोडं चाललं की सुटतो. आमचं तसं नसतं. अर्धा तास, एक तास, दुखण्याने उचल खाल्ली असेल तर दुपारपर्यंत. त्यामुळे सकाळचे हात बघून दिवसाचा अंदाज बांधू नका, आणि अकरा वाजताचे हात बघून सकाळ खोटी होती असं तर मुळीच मानू नका. तुम्ही तसं मानत नाही हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं, पण तिला ती भीती असू शकते. मला होती. दुपारी हसून बोलताना पाहिलं तर सकाळचं कुणी खरं धरणार नाही, असं मला वाटायचं.

आता कात्री. माझ्या मते प्रत्येक वेळी त्या क्षणी ठरवायला गेलात तर रोज हाच पेच पडेल. एखादा बरा दिवस बघून दोघं बसा आणि तिची कामं तिलाच वेगळी करू द्या. काही कामं अशी असतात की कितीही वेळ लागला तरी ती आपल्याच हातून व्हावीत असं वाटतं. माझ्यासाठी ते हाताने लिहिणं आहे. पेनाला जाड रबरी मूठ लावली आहे, अक्षर वेडंवाकडं येतं, पण माझी पत्रं मीच लिहिते. त्याला हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. उलट काही कामांत आपलं असं काहीच नसतं, फक्त हाडांना ताण असतो. घट्ट झाकणं उघडणं, ओले कपडे पिळणं, जड वस्तू उचलून ठेवणं. ती नवऱ्याने कायमची घेतली. मी मागायची नाहीत, त्याने ‘करू का’ विचारायचं नाही. रोज मागावं लागणं हे दुखण्याइतकंच थकवतं, दादा. ज्या मदतीसाठी दर वेळी तोंड उघडावं लागत नाही ती मला सर्वांत हलकी वाटते.

उरली मधली कामं. त्यासाठी आमच्यात बोली आहे की मी सांगेन, आणि सांगेपर्यंत त्याने हात पुढे करायचा नाही. त्याला हे जड गेलं. मी शर्टाच्या एका गुंडीशी झगडत असताना समोर शांत बसून राहणं प्रेमाच्या माणसाला फार अवघड असतं, हे मला कळतं. पण त्याने ते केलं, आणि माझ्या मनात त्याच्याबद्दल जो आदर आहे त्यातला मोठा भाग त्या बसण्याचा आहे.

तुमच्या बायकोचं मला नेमकं माहीत नाही, पण शिवणाऱ्या बाईचं बेतणं म्हणजे तिची नजर, तिचं डोकं. जाड कापडातून कात्री चालवणं म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी नुसता भार. कदाचित तिला पहिलं हवं असेल आणि दुसरं नको असेल. कदाचित उलटही असेल. तिलाच विचारा.

‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न फार मोठा आहे. त्यात शरीर, मन, भविष्य सगळं आलं. त्याचं खरं उत्तर द्यायचं तर बसावं लागतं, म्हणून माणूस ‘ठीक’ म्हणून सुटका करून घेतो. माझा नवरा विचारतो, ‘आज मूठ मिटते?’ मी हो म्हणते, नाही म्हणते, किंवा ‘अर्धी’ म्हणते. बस. तो त्यावर चेहरा पाडत नाही, उपाय सांगत नाही. ‘अर्धी’ म्हटलं तर त्या दिवशीची बाहेरची कामं आपली आपण पुढे ढकलतो. माझ्या उत्तराचं पुढे काही नाटक होणार नाही याची खात्री झाली तेव्हापासून मी खरं उत्तर द्यायला लागले.

बऱ्या दिवशी ती झपाटून काम करते आणि दुसऱ्या दिवशी सुजते, असं तुम्ही लिहिलंय. हे आम्ही सगळ्याच करतो. हात चालतायत तोवर उरकून घेऊ, उद्याचं कुणी पाहिलं. तिला रागवू नका. ‘बघ, मी सांगत होतो’ हे तर कधीच म्हणू नका. काम तोडून तोडून करणं उपयोगी पडतं, अर्धा तास शिवण, मग थोडा वेळ वेगळ्या प्रकारची हालचाल. पण हे नवऱ्याने सांगितलं की उपदेश वाटतो. म्हणून शक्य असेल तर एकदा ऑक्युपेशनल थेरपिस्टला भेटा. सांधे वाचवून काम कसं करायचं हे शिकवणं हाच त्यांचा पेशा आहे. त्यांना तिचं प्रत्यक्ष काम दाखवा. आपोआप उघडणारी स्प्रिंगची कात्री, सुई ओवायची तार, टेबलाची उंची, मनगटाला आधार देणारा पट्टा, बोटांच्या चिमटीऐवजी तळहाताने किंवा कोपराने भार घेणं, असं बरंच काही असतं. बोटांचे व्यायामही ते शिकवतात. हात दुखतात म्हणून हलवायचेच नाहीत ही समजूत चुकीची आहे. बेताने हलवले तर ताकद टिकते.

थकव्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच लिहिते. सूज असते तेव्हा जो थकवा येतो तो झोपून जात नाही. ताप उतरल्यानंतर अंगात जसं काही उरलेलं नसतं तसं, पण ताप नसताना. सांध्यांपेक्षा मला याचाच त्रास जास्त झाला, कारण तो दाखवता येत नाही. ती दुपारी पडून राहिली तर ‘झोप झाली का?’ एवढंही विचारू नका. तिच्याजवळ नुसते बसून राहा, किंवा दार लोटून घ्या.

पाहुण्यांचं आधी ठरवून ठेवा. मी नवऱ्याला सांगितलं आहे की मी तुझ्याकडे पाहिलं तर तू बोल, नाही पाहिलं तर मी बघून घेईन. पाहिलं की तो सरळ म्हणतो, ‘दिसत नाही, पण दुखतं तिला,’ आणि विषय बदलतो. एका वाक्याच्या पुढे जात नाही. आणि एक विनंती. तिच्या तब्येतीची बातमी तिला विचारल्याशिवाय कुणाला सांगू नका, अगदी जवळच्यांनाही. स्वतःच्या शरीराची बातमी दुसऱ्याच्या तोंडून परत आपल्यापर्यंत येते तेव्हा फार परकं वाटतं.

---

गोळी_आणि_वार यांचं उत्तर:

मी औषधनिर्माता आहे, काउंटरच्या अलीकडून या आजाराची बरीच घरं पाहतो. निळीशाईताईंनी जे लिहिलं त्यात मला भर घालायची नाही. तुमच्या धास्तीबद्दल आणि तपासणीबद्दल लिहितो.

आठवड्यातून एकदाची गोळी म्हणजे बहुधा मेथोट्रेक्सेट. तसं असेल तर तुमची धास्ती रास्त आहे. ही गोळी चुकून रोज घेतली गेल्यामुळे माणसं दगावल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. म्हणून वार एकच ठरवावा आणि तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत पूर्ण लिहावा. सोबत फॉलिक ॲसिड दिलेलं असेल तर ते डॉक्टरांनी सांगितलेल्या वेगळ्या वारी. दोन्ही गोळ्या अनेकदा लहान आणि पिवळसर असतात, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका, पट्टीवरचं नाव वाचा. एखादा वार चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊन भरून काढायचं नाही, डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचारायचं.

पण लक्ष कसं ठेवायचं? माझं मत असं की गोळ्यांची डबी तिनेच भरावी. औषध तिचं आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, तुम्ही ती डबी नुसती बघावी, आणि हे दोघांनी मिळून ठरवलेलं असावं. आम्हीसुद्धा दुकानात एकाने काढलेलं औषध दुसऱ्याने पडताळून पाहतो. त्यात पहिल्यावर अविश्वास नसतो. तिला ही पद्धत अशी सांगून पाहा.

रक्ताच्या तपासण्या चुकवू नका. सुरुवातीला त्या लवकर लवकर असतात, डोस स्थिर झाला की साधारण दोन-तीन महिन्यांनी. रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड यांवर नजर ठेवायची असते. बाकी तुम्ही स्वतः लक्षात ठेवाव्यात अशा काही गोष्टी आहेत. ताप, तोंडात फोड, नव्याने सुरू झालेला कोरडा खोकला, दम लागणं, सहज निळे-काळे डाग उठणं, यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. दुसऱ्या कुणा डॉक्टरांनी लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गासाठी प्रतिजैविक दिलं तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगा. ट्रायमेथोप्रिम असलेली औषधं, म्हणजे को-ट्रायमॉक्साझोल वगैरे, याच्यासोबत घातक ठरू शकतात. स्टिरॉइड चालू असेल तर ते आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही. आणि एकच सांधा अचानक लाल, गरम, प्रचंड दुखरा झाला, वर ताप असेल, तर नेहमीचंच दुखणं उसळलं असं समजून घरी थांबू नका. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी दाखवा. आजार बऱ्याच वर्षांचा असेल आणि कुठल्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली, तर भूलतज्ज्ञांना या आजाराबद्दल जरूर सांगा. मानेच्या वरच्या मणक्यांचे सांधे सैल झालेले असू शकतात.

आता तपासणीच्या खोलीतलं ‘बरं आहे’. हे तिला जरूर वाचून दाखवा. या आजाराची तीव्रता मोजायची एक रूढ पद्धत आहे, डीएएस-२८ नावाची. त्यात २८ सांधे दाबून किती दुखतात, किती सुजलेत ते मोजतात, रक्तातला सूज दाखवणारा ईएसआर किंवा सीआरपी धरतात, आणि चौथा आकडा असतो रुग्णाने स्वतः दिलेला, म्हणजे आजाराचा आपल्याला एकूण किती त्रास होतोय त्याचा. सगळं मिळून जो अंक येतो त्यावर औषध वाढवायचं, बदलायचं की तसंच ठेवायचं हे बऱ्याचदा ठरतं. म्हणजे तिचं ‘बरं आहे’ हे हिशेबात जाणारं उत्तर आहे. त्रास कमी सांगितला तर अपुरं औषध तसंच चालू राहू शकतं, आणि आत सूज राहिली तर सांध्याचं नुकसान होत राहतं. झालेलं नुकसान मग औषधाने भरून येत नाही. धीराने सहन करण्याचा गुण इथे तिच्याच विरुद्ध जातो.

अजून एक. त्या २८ सांध्यांत खांदे, कोपर, मनगटं, हाताची बोटं आणि गुडघे येतात. घोटे आणि पावलं येत नाहीत. पाय दुखत असतील तर ते आपणहून सांगावं लागतं.

तुम्ही बोलावं की नाही याचं माझं उत्तर असं की आधीच्या पंधरवड्याचं एक पान ती आणि तुम्ही घरी मिळून लिहा. सकाळी किती वेळ आखडलं, कुठले सांधे सुजले, रात्री झोप मोडली का, कुठलं काम सोडून द्यावं लागलं. ते पान तिने डॉक्टरांच्या हातात द्यावं. मग तुम्हाला मध्ये बोलायची वेळच कमी येईल.

---

दुसरी_खोली यांचं उत्तर:

माझ्या धाकट्या भावाला क्रॉन्स आहे, आतड्याचा आजार. सांध्यांचं मला कळत नाही, पण घरातलं वागणं सारखंच दिसतंय. दोन मुद्द्यांवर माझं मत थोडं वेगळं आहे.

रोज एक ठरलेला प्रश्न विचारायचा हे आमच्याकडे चाललं नाही. भावाला ते हजेरी घेतल्यासारखं वाटायला लागलं. त्याने स्पष्ट सांगितलं की विचारू नकोस, मला सांगायचं असेल तेव्हा मी सांगेन. आता तो सांगतो, नेहमी नाही, पण जेव्हा सांगतो तेव्हा पुरतं सांगतो. तेव्हा ताईंची पद्धत करून बघा जरूर, पण तिला विचारून, आणि तिला नको झाली तर सोडून द्या. कामांची वाटणीही एकदा झाली की झाली असं होत नाही. आजार वर-खाली होतो, औषध बदलतं, माणूसही बदलतं. आम्ही ती मोडतो आणि परत करतो.

दुसरं तुमच्या थकव्याचं. तुम्ही तो लपवताय, पण मला नाही वाटत तो लपतोय. एका छपराखाली राहणाऱ्या माणसाला सगळं कळतं. कळतं पण बोललं जात नाही, तेव्हा आजारी माणूस स्वतःच उत्तर शोधतं आणि ते उत्तर बहुतेक वेळा ‘मी ओझं झाले’ असंच असतं. तिच्यापुढे सगळं मन मोकळं करा असं मी म्हणत नाही. पण ‘आज मला झोप कमी पडली आहे, मी तासभर आडवा होतो’ एवढं साधं तरी बोला. तिला दमण्याचा हक्क आहे तसा तुम्हालाही आहे, हे तिला दिसलं तर तिचंही ‘ठीक’ थोडं सैल होईल. बाकी जे आत साचतं त्यासाठी एक माणूस हवाच, मित्र असो, भाऊ असो, समुपदेशक असो. मी समुपदेशकांकडे जाते. तिथे मी माझ्याबद्दल बोलते, भावाबद्दल नाही. पहिल्यांदा ते जमायलाच वेळ लागला.

तुम्ही तिच्या हातांबद्दल, तिच्या खडूच्या रेघेबद्दल जसं लिहिलंय, ते तिला कधी सांगितलंय का? नसेल तर सांगा. आजारी माणसाशी सगळे आजाराबद्दलच बोलतात.

---

हातशिलाई यांचं उत्तर:

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. मी हे वाचून दाखवणार होतो, पण तिने फोन हातातून घेतला आणि स्वतः वाचलं, प्रत्येकाचं, सावकाश. मग म्हणाली, ‘बेतणं माझं. मऊ कापड मी कापेन. जाड कापड, इस्त्री, आणि मशीन उचलून ठेवणं तुझं, आणि त्याबद्दल मला विचारायचं नाही.’ एका दमात. म्हणजे तिच्या मनात ही वाटणी कधीपासून तयार होती, मांडायला जागा नव्हती. सुईत दोरा ओवायचं मधल्या कामांत ठेवलं आहे. तार आणली तर स्वतः ओवेन म्हणते.

रोजच्या प्रश्नाबद्दल तिने ‘दुसरी खोली’ यांच्या बाजूने मत दिलं. विचारू नकोस, मी शिवायला बसताना खडू माझ्या बाजूला ठेवला तर दिवस बरा, तुझ्या बाजूला ठेवला तर नाही. मला हे फार आवडलं.

डबी ती भरणार, मी आठवड्यातून एकदा बघणार, हे मान्य. तपासणीला ती आधी एकटी आत जाणार आणि शेवटी मला बोलावणार, डॉक्टरांनी काय सांगितलं ते दोघांनी ऐकायला. पानही लिहायला घेतलं आहे.

पण त्या पानावर पहिलीच ओळ तिने जी लिहिली ती मला माहीतच नव्हती. पाय. सकाळी पहिलं पाऊल टाकताना पुढच्या तळव्याखाली खडे आल्यासारखं होतं, बरेच महिने. डॉक्टर हात बघतात, म्हणून पायांचं काढलंच नाही, म्हणते. शिलाई मशीनचा पायटा दाबतानाही त्रास होतो. तपासणीची तारीख अजून लांब आहे. तोवर थांबावं का?

---

निळी_शाई यांचं उत्तर:

थांबू नका. फोन करून तारीख अलीकडे घ्यायला सांगा, आणि कारण विचारलं तर ‘नवे सांधे दुखतायत, काही महिने झाले’ असं नेमकं सांगा. बोटांच्या मुळाशी जो पुढचा तळवा असतो तिथे हा आजार पुष्कळदा धरतो, मलाही तिथेच आधी धरला होता. हाताने दाबून स्पष्ट कळलं नाही तर सोनोग्राफीत सूज दिसू शकते, तेव्हा तसं विचारून ठेवा. तोवर पुढे रुंद, तळाला जाड आणि मऊ असं पायताण घरातही वापरू द्या, अनवाणी फरशीवर नको. मशीनला मोटर बसवता येत असेल तर बघा, हलक्या दाबाने चालेल. कुठल्या पायाने दाबते आणि कुठला जास्त दुखतो तेही पानावर लिहा.

खडूची खूण तिला माझ्याकडून शाबासकी म्हणून सांगा. आणि तपासणीला जाताना चटकन काढता येतील अशी पादत्राणं घालायला सांगा. खोलीत गेल्यावर बसायच्या आधीच काढायची. मग पायांचा विषय राहून जात नाही.